चेंज आहे का?

आमच्या फ्रिजच्या दारावर सध्या 'म्यूटारे' आहे. गीझरवर 'मॉर्फी' आहे. देवघराशेजारी, दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच 'व्हर्टेरे' अडकवलंय, आणि संडासाच्या दाराला आतल्या बाजूने 'कॅटॅस्ट्रोफी', म्हणजे ती निवांत बसून वाचता यावी.

भाची शिकायला परदेशी जाणार आहे. त्यासाठी जीआरई नावाची परीक्षा असते आणि तिच्यात असे इंग्रजी शब्द विचारतात, की ते घरात बोलले तर इंग्रज बायको डॉक्टरला फोन करील. क्लासच्या सरांनी तिला गुरुमंत्र दिलाय: शब्द पाठ करू नका, मुळं पाठ करा. एक लॅटिन मूळ धरून ओढलं की दहावीस शब्द मातीसकट वर येतात. ग्रीक मूळ खोल असतं, त्याला जरा जोर लावावा लागतो, एवढंच. दर आठवड्याला एक विषय. मागच्या आठवड्यात 'मृत्यू' होता. भिंतीभिंतीवर 'मॉर्ट' आणि 'नेक्रो' पाहून, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या शेजारीणबाई "कोण गेलं हो?" एवढंच विचारून गेल्या. या आठवड्यात 'बदल' आहे, त्यामुळे घरातलं वातावरण त्या मानाने बरं आहे.

मी नुकताच निवृत्त झालो. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला घरात एकच काम असतं: ज्याला जे नको आहे ते त्याला शिकवणं. मी ताबडतोब अप्पा बळवंत चौकात गेलो आणि नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' घेऊन आलो. १९४९ सालचं अमेरिकन पुस्तक. अमेरिकेत आज ते कोण वाचतं कोण जाणे, पण आपल्याकडे फुटपाथवर मोसंबी आणि मोबाईलची कव्हरं यांच्या मधोमध ते हमखास असतं. दर पिढीतला प्रत्येक होतकरू माणूस ते विकत घेतो आणि पहिल्या दोन-तीन प्रकरणांपुरता विद्वान होतो. मी जुनी प्रत घेतली. आधीच्या मालकाने फूटपट्टी धरून लाल रेघा ओढलेल्या होत्या. त्या 'आल्टर' या मुळापर्यंत सरळ येतात, तिथे एकीला जरा बाक येतो आणि पुढची सगळी पानं कोरी करकरीत. त्याचं पुढे काय झालं असेल याची काळजी वाटते.

हे 'आल्टर' म्हणजे लॅटिनमध्ये 'दोहोंतला दुसरा'. त्यावरून 'आल्टरनेट', त्यावरूनच 'आल्टरकेशन' म्हणजे बाचाबाची, कारण बाचाबाचीला दुसरा लागतोच. (एकट्यानेही जमते, पण त्याला निवृत्ती म्हणतात.) 'अडल्टरेशन' म्हणजे भेसळ हेही त्याच कुळातलं आणि 'अडल्टरी' म्हणजे व्यभिचारही. दुधात पाणी काय आणि संसारात तिसरं माणूस काय, रोमन लोकांनी दोन्हींची सोय एकाच क्रियापदात केली होती. ही माहिती मी सकाळी दूधवाल्याला दिली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो पिशवी दाराच्या कडीला लावून, बेल न वाजवता जातो.

कोपऱ्यावरच्या टेलरच्या टपरीवर तर पाटीच आहे, 'येथे आल्टर करून मिळेल'. मी खुशीत पँट घेऊन गेलो.

"कमरेत सोडायचीय. आणि बरं का, 'आल्टर' म्हणजे मुळात दुसरा."

त्याने पँट उलटी केली, कमरेची शिवण चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "काका, तेच म्हणतो मी. दुसरी आणा. हिच्यात मार्जिन संपलंय."

फ्रिजवरच्या 'म्यूटारे'कडे मात्र माझा खरा ओढा. म्यूटारे म्हणजे बदलणं. मी हिला टीव्हीचा रिमोट दाखवून म्हटलं, "हे बघ, आपल्या घरातच मूळ सापडलं. 'म्यूट' म्हणजे बदल."

"मामा, ते 'म्यूटस' वेगळं," भाची पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "त्याचा अर्थ मुका."

"तो रिमोट इकडे द्या," ही म्हणाली, आणि माझ्याकडे रोखून ते बटण दाबलं. काही झालं नाही. पण तिची श्रद्धा मोठी, अजून दाबते.

तर म्यूटारे. याला 'कॉम' जोडला की होतं 'कम्यूट': पार बदलून टाकणं, एकाच्या जागी दुसरं आणणं. आणि या शब्दाने जगात सगळ्यात जास्त चिकटपणे कोणाला धरलं असेल, तर जे काहीच बदलत नाहीत त्यांना. मी नोकरीतली बरीच वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला जात असे. मी 'कम्यूटर' होतो. रोज तीच गाडी, तोच डबा, त्याच दारातून तोच खांदा आधी आत. खिडकीशी सावंत, शेजारी कुलकर्णी, तिसरा मी, आणि चौथ्या सीटवर कोण अर्ध्या मांडीने टेकेल यावरून ठाण्यापर्यंत वाद. सावंत एकदा मिशी काढून आला, तेव्हा डब्याने त्याला मुलुंडपर्यंत ओळख दिली नाही. आम्हाला 'पार बदलून टाकणारे' म्हणणारा इंग्रजी शब्द कुठून आला?

त्याचं उत्तर अमेरिकेतल्या रेल्वेत सापडतं. १८४०च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी रोजच्या प्रवाशांना सांगितलं, रोज सुटं तिकीट काढू नका. सगळं भाडं एका रकमेत बदलून घ्या, स्वस्तात पडेल. हे झालं 'कम्युटेशन तिकीट', आणि ते खिशात बाळगणारा 'कम्यूटर'. म्हणजे बदललं ते भाडं. माणूस नव्हे. माणसाने बदलायचं कुठे कबूल केलं होतं? आमचा सीझन पास हा लॅटिन म्यूटारेचा थेट वारस होता आणि आम्ही तो प्लास्टिकच्या पाकिटात, साईबाबांच्या फोटोमागे ठेवत होतो.

निवृत्त झालो तर तोच शब्द पेन्शनच्या कागदावर वाट पाहत उभा! सरकारी नोकराला आपल्या पेन्शनचा काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, एकरकमी घेता येतो. त्याचं नाव 'कम्युटेशन'. मराठीत त्याला 'अंशराशीकरण' म्हणतात. हा शब्द एका श्वासात म्हणता आला की प्रकृती उत्तम आहे असं समजायचं आणि अर्ज करायचा. पंधरा वर्षांनी कापलेला भाग पुन्हा चालू होतो, फक्त त्यासाठी पेन्शनर चालू असावा लागतो. मी खिडकीशी गेलो.

"कम्युटेशन करायचंय. तुम्हाला याचं मूळ माहीत आहे का?"

"मूळ नको, झेरॉक्स जोडा," आतला माणूस म्हणाला. "मूळ फक्त दाखवायला आणा."

मी सांगायला गेलो, की हा शब्द मुळात लॅटिन असून राष्ट्रपती फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलतात तेव्हाही हाच वापरतात. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्हाला कोणता फॉर्म देऊ?"

याच म्यूटारेची आणखी एक शाखा लंडनमध्ये आहे, आणि ती मला अतिशय प्रिय आहे. ससाणे वर्षातून एकदा जुनी पिसं टाकतात. ही पिसं 'बदलण्या'ची क्रिया फ्रेंचांमार्फत इंग्रजीत आली आणि या दिवसांत ससाण्यांना ज्या खुराड्यात ठेवत, त्याला 'म्यू' म्हणू लागले. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाची अशी खुराडी चेरिंग क्रॉसला होती. १५३४ साली ती जळाली. त्या जागी बांधले घोड्यांचे तबेले, पण नाव कोण बदलणार? तबेल्यांनाच 'म्यूज' म्हणू लागले. मग लंडनभर श्रीमंतांच्या हवेल्यांमागे तबेल्यांच्या गल्ल्या झाल्या, त्याही 'म्यूज'. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारी बाहेर काढून तिथे माणसं शिरली, आणि आज तबेल्याच्या त्या दोन खोल्यांची किंमत ऐकून माणूस स्वतःची पिसं टाकील. चेरिंग क्रॉसच्या त्या मूळ जागी आता ट्रॅफल्गार चौक आहे. पिसांपासून पेंटहाऊसपर्यंत गेला तरी शब्द अजून पाटीवर आहे. आमच्या परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तिथे निदान एखादी चिमणी शोभेला ठेवतात. ससाण्यांचं तेवढंही नाही.

'व्हर्टेरे' देवघराशेजारी लावायला नको होतं, कारण तिथे आमच्या मजल्यावरच्या नानांची नजर गेली. नाना शाळेत संस्कृत शिकवत असत. रोज संध्याकाळी ते आमच्याकडे पेपर वाचायला येतात; स्वतःचा पेपर ते जपून ठेवतात.

"व्हर्टेरे? म्हणजे काय?"

"वळणं, वळवणं," भाची म्हणाली.

"अगं मग हा आपला वृत्! वर्तते! परिवर्तन, आवर्तन, वर्तुळ! चोरलान् मेल्यांनी!"

आता यात नाना निम्मे बरोबर आहेत, आणि निम्मा बरोबर असलेला माणूस पूर्ण चुकलेल्यापेक्षा जास्त वेळ बसतो. वृत् आणि व्हर्टेरे हे एकाच घरातले खरेच. पण चोरी कोणी कोणाची केलेली नाही. दोघे भावंडं आहेत. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स या न्यायाधीशाने जाहीर व्याख्यानात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही. तिघी कुठल्यातरी एकाच उगमातून आल्या असल्या पाहिजेत, आणि तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल. आई गेलेली, मुलं लांब लांब. अशा घरात दागिने कोणी नेले यावरून जे होतं, तेच नानांचं चाललं होतं.

"नव आणि 'नोव्हस', तेही तसंच," भाची म्हणाली. हे तिने बोलायला नको होतं. नानांना वारं मिळालं. 'चेंज' म्हणजे 'चंचल'. 'म्यूटेशन' म्हणजे 'मृत्यू-स्थान'. 'व्हेरिएशन' म्हणजे 'वारी', कारण वारीला गेलं की हवापालट होतो. 'ट्रान्सफर' म्हणजे 'त्रास फार'.

शेवटच्या व्युत्पत्तीला माझ्यातल्या सरकारी नोकराने विरोध केला नाही.

नाना भाषाशुद्धीवाले. 'बदल' हा शब्द अरबी, म्हणून ते 'परिवर्तन'च म्हणतात. "हवामानात परिवर्तन झाल्याने गुडघा दुखतो," असं म्हणतात. आता अरबी पाहुण्याला दारातून घालवून जे शुद्ध स्वदेशी आणलं, ते 'कन्व्हर्जन'चं सख्खं चुलत निघालं. हे मी नानांना सांगितलं नाही. त्यांचा चहा व्हायचा होता.

व्हर्टेरेचा संसार फार मोठा. 'डायव्हर्जन' त्यातलं, जे आमच्या रस्त्यावर कायमचं आहे. 'डिव्होर्स'ही त्यातलाच, वाटा दोन बाजूंना वळल्या की झाला. आणि 'रिव्हर्ट'. याचा अर्थ मागे वळणं, पूर्वीच्या स्थितीला जाणं. आपल्याकडच्या ऑफिसांत मात्र पत्राच्या शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' लिहितात, म्हणजे उत्तर पाठवा. मी नोकरीभर अशी पत्रं वाचली. खरा अर्थ कळल्यावर लक्षात आलं, की आमच्या खात्याने त्याचं अगदी तंतोतंत पालन केलेलं होतं. प्रत्येक फाईल पूर्वीच्या स्थितीला जात असे.

'ट्रान्सफर'चंच घ्या. ट्रान्स म्हणजे पलीकडे, फेरे म्हणजे वाहून नेणं. ('भार'मधला भृ हाही याच फेरेचा भाऊ; नानांना कळवू नये.) ग्रीकमध्ये हुबेहूब हीच जोडणी केली, मेटा आणि फेरेन, की होतो 'मेटाफर', म्हणजे रूपक. अथेन्समध्ये आजही घरसामान हलवणाऱ्या ट्रकांवर 'मेटाफोरेस' असं लिहिलेलं असतं. गॅसची शेगडी, गाद्या आणि सासूबाई घेऊन रस्त्याने रूपकं धावत असतात. हे वाचल्यापासून मला माझ्या साऱ्या बदल्या निराळ्याच दिसू लागल्या. मे महिना, शाळेचे दाखले, ट्रंकेवर ट्रंक. त्या टेंपोत मी एक चालतंबोलतं रूपक बसलेलो होतो आणि खात्याला त्याची कल्पना नव्हती.

"आपल्या टेंपोवरही 'मेटाफोर' लिहायला हवं होतं," मी हिला म्हटलं.

"टेंपोवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं होतं," ही म्हणाली, "आणि माझी कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली होती. ते तेल अजून त्या गादीत आहे."

भाचीने हॉलच्या पंख्याच्या पात्यावर 'रिव्होल्यूशन' चिकटवलं. पंखा लावला की क्रांती दिसत नाही, बंद केला की दिसते पण उकडतं. तिच्या सरांना हे सुचलं असतं तर त्यांनी फी वाढवली असती, कारण शब्दाची सगळी गोष्ट त्या पंख्यात आहे. 'रिव्होल्व्हेरे' म्हणजे गरगर फिरून परत येणं. १५४३ साली कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं पुस्तक छापलं, त्याच्या नावात हा शब्द आहे, आणि तिथे त्याचा अर्थ निव्वळ प्रदक्षिणा. इंग्लंडात राजाचं डोकं उडवलं, मध्ये बरीच वर्षं बिनराजाची काढली आणि १६६० साली त्याच राजाच्या मुलाला आणून गादीवर बसवलं. त्या परतफेरीलाही तेव्हा 'रिव्होल्यूशन' म्हणत. सगळं उलथून टाकून नवं करणं हा अर्थ पक्का बसला तो १७८९ला फ्रेंचांनी आवाज केला तेव्हा.

आमच्या सोसायटीने मात्र शब्दाचा जुना, शुद्ध अर्थ जपला आहे. यंदाच्या सर्वसाधारण सभेत प्रचंड क्रांती झाली. पाण्याच्या टाकीवरून दोन सभासद एकमेकांच्या अंगावर गेले, मिनिटबुक फेकलं गेलं, 'ही कमिटी बदलाच' अशा घोषणा झाल्या. कमिटी बदलली. सेक्रेटरी होते ते चेअरमन झाले, चेअरमन होते ते खजिनदार आणि खजिनदार सेक्रेटरी. टाकी गळतेच आहे. मी उभा राहून म्हटलं, कोपर्निकसच्या अर्थाने आजची सभा यशस्वी झाली. टाळ्या पडल्या. कोपर्निकस हा नवा प्लंबर असावा अशी समजूत झाल्याने दोघांनी नंतर त्याचा नंबर मागितला.

'इनोव्हेशन'बद्दल बोलायलाच हवं, कारण भाचीच्या क्लासच्या पत्रकावर तो शब्द जागोजाग छापलाय. इंग्लंडात एके काळी ही शिवी होती. १५४८ साली सहाव्या एडवर्डच्या नावाने जाहीरनामा निघाला, तो इनोव्हेशन करणाऱ्यांच्या विरोधात. धर्मकार्यात कोणी मनाने काही नवं काढू नये म्हणून. पुढे हेन्री बर्टन या धर्मोपदेशकाने उलट बिशपांवरच आरोप केला की इनोव्हेशन तुम्ही करताय, आणि १६३७ साली त्या लिखाणापायी त्याचे कान कापले. आता कान जातील असा हा शब्द प्रत्येक कॉलेजच्या फाटकावर फडकतोय. आत वर्गात तेच बाक, तोच खडू, त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स, पण फाटकाशी 'इनोव्हेशन सेल'. महाराष्ट्रात या लॅटिन मुळाला खरी प्रतिष्ठा दिली ती पुढाऱ्यांनी. ते त्यात बसून हिंडतात. पांढरी, काळ्या काचांची, सात-आठ माणसं बसतात. पक्ष बदलायच्या दिवशी बाराही बसतात.

गीझरवरच्या 'मॉर्फी'मुळे माझी आंघोळ लांबते. मॉर्फी म्हणजे आकार, 'मेटा' लागून 'मेटामॉर्फोसिस'. ओव्हिड नावाच्या रोमन कवीने या नावाचं प्रचंड काव्य लिहिलं. त्यात पोरींची झाडं होतात, माणसांचे पक्षी होतात, राजपुत्राचं हरीण होतं. काव्य पुरं होतंय तोवर, इसवी सन ८ मध्ये, सम्राट ऑगस्टसने ओव्हिडचंच रूपांतर केलं: रोममधला लाडका कवी होता, त्याला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपार केलं. शिक्षेची बदली! तिथून तो वर्षानुवर्षं विनवण्यांची पत्रं पाठवत राहिला, कोणी 'रिव्हर्ट' केलं नाही. तिथेच गेला बिचारा.

दुसरं रूपांतर काफ्काचं, १९१५ सालचं. जर्मन नाव साधंच आहे. ग्रीक अंगरखा इंग्रजी अनुवादकांनी चढवला. ग्रेगॉर साम्सा सकाळी जागा होतो तो एक भलामोठा किडा होऊन. समीक्षकांनी यावर कपाटंच्या कपाटं भरली आहेत. मला विचाराल तर ही गोष्ट कोणाही डोंबिवलीकराला पहिल्या दोन पानांत कळते. किडा झालेला साम्सा पाठीवर पडून पाय हलवतोय आणि त्याच्या डोक्यात काय, तर गाडी चुकली! पुढची मिळेल का? साहेब काय म्हणेल? आणि खरंच थोड्या वेळात ऑफिसमधून हेडक्लार्क घरी हजर! सावंतला मी ही गोष्ट फोनवर सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मेडिकल लीव्ह शिल्लक नव्हती का त्याची?"

'कॅटॅस्ट्रोफी'वर मी फार वेळ घालवत नाही, दार वाजतं. काटा म्हणजे खाली, स्ट्रेफेन म्हणजे वळणं. ग्रीक नाटकात गोष्ट शेवटाकडे कलंडते ती जागा. तिच्याच बाजूला भाचीने 'ट्रोपी' लावलंय, तेही वळणंच. यावरून 'ट्रॉपिक', म्हणजे जिथवर येऊन सूर्य माघारी वळतो. यावरूनच 'ट्रॉफी'. लढाईत शत्रू ज्या जागी पाठ दाखवून वळला, तिथेच त्याची शस्त्रं टांगून ग्रीक लोक विजयचिन्ह उभारत, त्याचा हा शब्द. म्हणजे ट्रॉफी ही पळून गेलेल्याची आठवण असते. आमच्या शोकेसमध्ये माझी एकुलती एक आहे, खात्याच्या कॅरम स्पर्धेची. अंतिम सामन्याला प्रतिस्पर्धी आलाच नव्हता. तेव्हापासून हिणवली गेलेली ती ट्रॉफी ग्रीक कसोटीवर बावनकशी निघाली. मी ती पुसून पुढच्या खणात आणली. हिने ती मागे नेऊन पुन्हा तिथे बरण्यांची झाकणं ठेवली. रिव्होल्यूशन.

आणि एवढं सगळं झाल्यावर खुद्द 'चेंज'? तो तर अस्सल इंग्रजी असेल? नाही. तोही फ्रेंचांकडून आलेला, आणि त्यांच्याकडे उतारवयातल्या लॅटिनमधल्या 'कांबियारे'वरून. लॅटिननेही तो बहुधा केल्टिक लोकांकडून उचललेला. आणि त्याचा अर्थ रूपांतर नव्हे, क्रांती नव्हे, काही उदात्त नव्हे. अर्थ देवाणघेवाण. तू हे दे, मी ते देतो. युरोपात चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर आजही 'कांबियो' असं लिहिलेलं असतं. म्हणजे टीव्हीवर पुढारी, भांडवलदार आणि योगगुरू 'चेंज, चेंज' करतात तो पुढे फुगवलेला अर्थ झाला. मुळाशी प्रामाणिक जर कोण असेल, तर भाजीवाली, रिक्षावाला आणि बसचा कंडक्टर.

मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम बस धरली. तिकीट बारा रुपये, मी पन्नासची नोट पुढे केली.

"चेंज नाही का?" कंडक्टर म्हणाला.

"अहो, तुम्ही आत्ता जो शब्द उच्चारलात ना, तो दीड-दोन हजार वर्षांपूर्वी—"

"काका, सुट्टे."

"तेच सांगतोय. सुट्टे हाच मूळ अर्थ! बदल वगैरे सगळं नंतर—"

"मग तो क्यूआर स्कॅन करा."

"छे, त्यात कांबियारे कुठे आलं?"

मागे माणसं खोळंबली होती. एक बाई म्हणाल्या, "अहो, आजोबांना आधी बसू द्या, त्यांना बरं वाटत नाहीये." कंडक्टरने नोट बोटांत उभी घडी घालून इतर नोटांच्या जुडीत खोचली, कानामागचं बॉलपेन काढलं, तिकीट उलटं करून त्यावर '३८' असं लिहिलं, त्याभोवती एक गोल ओढला आणि पुढे सरकला. "उतरताना घ्या."

मी ते तिकीट दोन बोटांत जपून धरलं. शेवटच्या स्टॉपच्या आधी बस डेपोपाशी थांबली, दार उघडलं, कोणी उतरलं, कोणी चढलं. मी उठून पुढे गेलो आणि तिकीट दाखवलं.

कंडक्टरने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. हा वेगळाच होता. याला मिशी होती.

"मी आत्ता डेपोत चढलो, काका," तो म्हणाला. "ड्युटी चेंज झाली. हे अक्षर माझं नाही."